डेक एलसीडीवरून ओलेडवर: इंदूरच्या उन्हाळ्यातले पहिले पंधरा दिवस

रामबागकर

मंडळी, शेवटी घेतला. भाचा म्युनिकहून सुट्टीला आला आणि त्याच्या बॅगेतून माझा स्टीम डेक ओलेड, म्हणजे हातात धरून खेळायचा संगणक, आला. ५१२ जीबीचा, २०२३ मध्ये आला तेव्हा तिकडे ५६९ युरोला होता. भारतात व्हॉल्व्ह, म्हणजे तो बनवणारी कंपनी, डेक अधिकृतपणे विकत नाही. त्यामुळे कुणी येणारं असेल तर त्याची वाट बघायची, नाहीतर आयात करणाऱ्या दुकानदाराला वरचे पैसे मोजायचे. मी सात महिने वाट बघितली.

याआधी अडीच वर्षं माझ्याकडे पहिला, एलसीडी पडद्याचा डेक होता, ६४ जीबीचा. तो आता लेकाकडे गेला. दोन्ही यंत्रं घरातच असल्याने शेजारी शेजारी ठेवून बघता येतात, म्हणून हा धागा काढला.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: दोन्ही हातांत धरायचा संगणक, मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना बटणं आणि अंगठ्याने फिरवायच्या जॉयस्टिकच्या काड्या. आत विंडोजऐवजी स्टीमओएस, म्हणजे आर्च लिनक्सवर बेतलेली प्रणाली. मेनूतून डेस्कटॉप मोड निवडला की केडीई प्लाझ्माचा नेहमीसारखा डेस्कटॉप उघडतो. खेळण्यासाठी बनवलेला असला तरी हा पुरता संगणक आहे.

माझी परिस्थिती आधी सांगते, कारण तिच्याशिवाय माझ्या मताला अर्थ नाही. मी सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात हिशेब बघते. सकाळी सव्वानऊला घर सोडते. रात्री ओटा आवरून, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडून बसायला पावणेअकरा होतात. घर जुनं, सासूबाई माझ्याच खोलीत झोपतात आणि त्यांची झोप फार सावध आहे. पावणेअकरा ते साडेअकरा एवढाच वेळ माझा. त्यात एक तर मी खेळते, नाहीतर सासऱ्यांच्या रोजनिशा टाइप करते. ते कापड गिरणीत टाइमकीपर होते. १९६३ ते १९८८, वर्षाला एक याप्रमाणे सव्वीस वह्या आहेत. शाई फिकी पडत चालली आहे. रोज दोन पानं होतात, कधी एकच.

आता यंत्राबद्दल.

पडदा. सगळ्यात मोठा फरक इथेच आहे. एलसीडीत मागे सतत दिवा जळत असतो, म्हणून काळा रंगही राखाडी दिसतो आणि अंधाऱ्या खोलीत तो उजेड भिंतीवर पडतो. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळ्या जागी तो बंदच असतो. मी डेस्कटॉपला काळी पार्श्वभूमी आणि फिक्या रंगाची अक्षरं ठेवली आहेत. पहिल्या रात्री दिवा मालवून बसले, तर खोलीत फक्त अक्षरं होती. सासूबाईंनी कूस बदलली ती पहाटे, माझ्यामुळे नाही.

पडदा ७ इंचांवरून ७.४ इंच झाला, कडेची काळी पट्टी बारीक झाली आणि अंगाचा आकार जवळपास तोच राहिला. ठिपके मात्र दोन्हीकडे १२८० गुणिले ८००च. म्हणजे अक्षर मोठं दिसतं, पण जास्त रेखीव होत नाही. मराठीला हे कळीचं आहे. ‘सर्वांत’ किंवा ‘कार्यांचा’ यांत शिरोरेषेच्या वर रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटून बसतात. जुन्यावर बाराच्या आकारात त्यांचा गोळा व्हायचा. नव्यावर उठाव चांगला असल्याने ते वेगळे दिसतात, तरी मी चौदाच्या खाली जात नाही.

वजन ६६९ ग्रॅमचं ६४० झालं. एका लहान लिंबाएवढा फरक. कागदावर वाचून मला काहीच वाटलं नव्हतं. पण आडवं पडून, दोन्ही कोपर गादीला टेकवून अर्धा तास धरल्यावर मनगटाला तो कळतो.

पंखा नव्यात मोठा आहे, त्यामुळे सावकाश फिरूनही काम भागतं. चिप सात नॅनोमीटरची सहाची झाली, तीही कमी वीज खाते. टाइप करताना पंखा मला ऐकूच येत नाही.

वेग. इथे स्पष्ट सांगते, वेगासाठी हा बदल करू नका. चार कोअरचा तोच प्रोसेसर, ग्राफिक्स तेच, मेमरी १६ जीबीच. मेमरीचा वेग ५५०० वरून ६४०० झाला आहे, त्याने सेकंदाला चार-दोन फ्रेम, म्हणजे चित्रं, वाढत असतील. जुन्यावर जो खेळ अडखळत होता तो नव्यावरही अडखळतो. वायफाय मात्र ६ई आहे, खेळ नेटवरून उतरवून घेताना तो फरक ठसठशीत जाणवतो.

बॅटरी ४० वॉट-अवरची ५० झाली. हिशेब सोपा आहे. कोपऱ्यात किती वॉट खर्च होतात ते दाखवायची सोय आहे, त्या आकड्याने ५० ला भागा, तेवढे तास. टाइप करताना माझा आकडा सात-आठच्या आसपास असतो. जड खेळात वीस ओलांडतो, मग अडीच तासांची गोष्ट.

आणि झोप. हे जुन्यातही होतं, पण हातातल्या संगणकाबद्दल बोलायचं तर मला सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटतं. वरचं बटण एकदा दाबलं की पडदा विझतो, आतलं सगळं मेमरीत जसंच्या तसं थांबतं. सासूबाईंनी पाणी मागितलं, खाली कुणी कडी वाजवली, कुकरची शिट्टी झाली, बटण दाबायचं आणि उठायचं. परत येऊन दाबलं की अर्धवट वाक्याच्या शेवटी कर्सर लुकलुकत असतो. मला सलग दोन तास कधीच मिळत नाहीत. वीस मिनिटं, दहा मिनिटं, असे तुकडे मिळतात. त्या तुकड्यांत बसेल असं यंत्र मला दुसरं सापडलं नाही.

उन्हाचं. कंपनीने शून्य ते पस्तीस अंश हवामान सांगितलेलं आहे, त्यावर गेलं की यंत्र स्वतःचा वेग कमी करू शकतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बेचाळीस असतात. त्यामुळे दुपारी वरच्या पत्र्याच्या खोलीत नाहीच. कूलरच्या थेट झोतातही धरत नाही, ती हवा ओली असते.

काही विचारायचं असेल तर विचारा. उत्तर रात्रीच देईन.

पलासियाकर

अभिनंदन ताई. सविस्तर लिहिलंत, बरं केलंत. मी याच विचारात आहे, पण माझा कल असूसच्या आरओजी अलायकडे, तोही हातातलाच संगणक. २०२३ च्या जुलैत ती भारतात अधिकृतपणे आली तेव्हा ६९,९९० ला होती. पडदा सात इंच, १०८० पी, १२० हर्ट्झ, वजन ६०८ ग्रॅम. वर इथली वॉरंटी. लेनोव्होची लिजन गो पण आहे, ८.८ इंचांची, कंट्रोलर दोन्ही बाजूंनी सुटे होतात, पण वजन ८५४ ग्रॅम. तुम्ही लिंबाचा हिशेब केलात म्हणून सांगितलं. दोन्हींत विंडोज आहे. तुमच्या डेकवर टॅली चालतं का? हिशेबाचं काम करता म्हणून विचारतो.

सराफा_रात्र

वाचतोय. फोटो टाका ना भिया, रोजनिशीचे पण.

जुना_स्टायलस

ताई, तुमचा झोपेबद्दलचा परिच्छेद वाचून मला २००० सालचा माझा पाम थ्रीएक्सई, तळहातावर मावणारा संगणक, आठवला. आठ एमबी मेमरी, १६० गुणिले १६० ठिपक्यांचा करडा पडदा, दोन छोटे ट्रिपल-ए सेल. ते आठवडेच्या आठवडे चालायचे. बटण दाबलं की त्याच क्षणी चालू, कालची यादी समोर. मी तेव्हा औषध कंपनीत एमआर होतो. डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर बसून पुढच्या आठवड्याचा दौरा लिहायचो. तुम्ही ज्याला तुकडे म्हणता, माझा सगळा दिवस त्या तुकड्यांचाच असायचा.

पण त्यात एक गोष्ट होती. सगळं साध्या मेमरीत, सेल पूर्ण संपले की सगळं पुसलं जायचं. म्हणून तो संगणकाला जोडलेल्या पाळण्यात, म्हणजे स्टँडमध्ये, ठेवून हॉटसिंकचं बटण दाबायचं आणि संगणकावर नक्कल घ्यायची. एकदा नाशिकच्या दौऱ्यावर मी सेल बदलायला उशीर केला आणि तीन आठवड्यांच्या नोंदी गेल्या. त्यात माझ्या वडिलांनी सांगितलेली आमच्या घराण्याची नावं होती, सात पिढ्यांची. मी ती दुसरीकडे कुठे उतरवली नव्हती. वडील पुढच्याच वर्षी गेले.

म्हणून तुम्हाला एवढंच विचारायचं आहे: त्या सव्वीस वह्यांची नक्कल कुठे ठेवता?

दुसरं, पामवर देवनागरी नव्हती. ग्राफिटी नावाची एकरेघी अक्षरं शिकून मी मराठी रोमनमध्ये लिहायचो. मराठी लिहिता येईल असा हातातला संगणक मिळावा ही फार इच्छा होती. त्या काळात सिम्प्युटरच्या बातम्या यायच्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीतले लोक एकत्र येऊन तो करत होते, लिनक्सवर चालणारा, भारतीय भाषांतला. २००४ साली अमिडा सिम्प्युटर विक्रीला आला. मी घेतला नाही, तोवर संसार वाढला होता. पण आज तुम्ही लिनक्सवर, हातात धरून, मराठी टाइप करताय हे वाचून मन भरून आलं.

देवासची_आई

ताई, माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, रोज हट्ट धरतो. तुम्ही जुना डेक मुलाला दिलात म्हणून विचारते. वेळेवर ताबा राहतो का? घरात आधीच मोबाइलवरून भांडणं होतात.

टॉर्क्स_टी६

मी दुरुस्तीचं काम करतो. ज्यांच्याकडे डेक आहे त्यांनी हे वाचून ठेवा.

मागचं झाकण उघडण्याआधी मायक्रोएसडी कार्ड काढा. कार्ड आत राहिलं आणि झाकण उचललं की ते मधोमध मोडतं. माझ्याकडे अशी मोडलेली कार्डं घेऊन लोक येतात, त्यातला डेटा मी परत देऊ शकत नाही आणि ते सांगताना मला फार वाईट वाटतं.

ओलेडच्या झाकणाला चांदणीच्या खाचेचे टॉर्क्स टी६ स्क्रू आहेत आणि ते धातूत बसतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा उघडलं तरी आटे टिकतात. एलसीडीत अधिकच्या खाचेचे फिलिप्स आहेत, ते थेट प्लॅस्टिकमध्ये जातात. तिथे हलक्या हाताने, आधी उलटं फिरवून आटा ‘टक’ करून बसला की मगच आवळा.

एसएसडी बदलायची असेल तर २२३० मापाचीच, म्हणजे २२ मिमी रुंद, ३० मिमी लांब. लॅपटॉपमधली नेहमीची २२८० बसत नाही. इंदूरच्या जेलरोडवरच्या दुकानांत मागितली की बहुतेक वेळा २२८०च पुढे करतात, माप बघून घ्या. उघडण्याआधी बॅटरी पाव चार्जच्या खाली आणा आणि बायॉसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन बॅटरी स्टोरेज मोडला टाका. बॅटरी गोंदाने चिकटवलेली आहे, ती घरी काढायच्या फंदात पडू नका.

रामबागकर

आत्ता बसले. सगळ्यांना एकेक करून.

पलासियाकर: टॅली विंडोजसाठी आहे. ऑफिसचं काम मी ऑफिसच्या यंत्रावर, ऑफिसातच करते, घरी आणत नाही. तुम्हाला टॅली किंवा कामाचं दुसरं विंडोज सॉफ्टवेअर हवं असेल तर अलाय किंवा लिजन गो हाच रास्त पर्याय, आणि इथली वॉरंटी ही खरोखर मोठी गोष्ट आहे. माझ्याकडे वॉरंटीसाठी म्युनिकचा भाचा आहे. ज्यांच्याकडे तसं कुणी नाही त्यांनी याचा विचार आधी करावा. शिवाय कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, शिरणारं अँटी-चीट (फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर) लागतं असे ऑनलाइन खेळ डेकवर चालत नाहीत, तुमचा आवडता खेळ त्यातला असेल तर प्रश्नच मिटला. मी वेगळ्या कारणाने डेकवर आहे, प्रोटॉन या व्हॉल्व्हच्या सॉफ्टवेअरमुळे माझे सगळे विंडोजचे खेळ लिनक्सवर चालतात आणि यंत्र उघडल्यावर समोर माझं काम असतं.

सराफा_रात्र: वह्यांचे फोटो टाकणार नाही. त्यांत घरातल्या, शेजारच्या माणसांबद्दल लिहिलेलं आहे. सगळं टाइप झाल्यावर घरात वाचून ठरवू.

देवासची_आई: माझा चौदाचा आहे. स्टीम फॅमिलीज म्हणून सोय आहे, २०२४ पासून. सहा जणांपर्यंत कुटुंब होतं, पालकाला मुलाच्या खात्यावर रोजचा वेळ ठरवून देता येतो, कुठले खेळ दिसावेत तेही ठरवता येतं. आमच्याकडे शाळेच्या दिवशी एक तास. पण खरं सांगू का, कुलपापेक्षा माझा अनुभव असा की त्याच्या शेजारी बसून खेळलं की भांडण कमी होतं. आम्ही दोघांनी मिळून ‘राजी’ खेळला. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० साली आलेला. बहिणीने भावाला शोधायला निघायचं अशी गोष्ट आहे. राजस्थानी हवेल्या, भिंतींवर चित्रं, दुर्गेचा त्रिशूळ. ओलेडवर रात्रीचे प्रसंग फार सुंदर दिसतात. एक जण बटणं दाबतो, दुसरा रस्ता सांगतो. तुमचा मुलगा बाराचा आहे, अजून आईशेजारी बसेल. हे दिवस घ्या.

टॉर्क्स_टी६: कार्डाचं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मला हे ठाऊक नव्हतं. जुन्यातलं कार्ड काढून नव्यात घातलं आणि त्यावरचे खेळ लगेच दिसले, एवढाच माझा कार्डाचा अनुभव. आतले खेळ घरातल्या वायफायवरून जुन्यातून नव्यात आले, पुन्हा उतरवावे लागले नाहीत. एक मात्र झालं. कार्ड ऑफिसच्या संगणकात घातलं तर ‘फॉरमॅट करू का’ असं विचारायला लागलं. डेक कार्डाला ईएक्सटी४ मध्ये बांधतो, विंडोजला ते वाचता येत नाही. ‘हो’ म्हणाले असते तर सगळं गेलं असतं.

काका (जुना_स्टायलस): तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सात पिढ्यांची नावं. काय बोलू कळत नाही. घरात आत्याबाई, चुलतभाऊ असं कुणी आहे का ज्यांना त्यातली तीन-चार तरी आठवतील? नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या असतात. तुमच्या घरातलं कुणी कधी तिथे विधीला गेलं असेल तर त्यांच्या हाताने लिहिलेलं सापडू शकेल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला लाज वाटली नाही म्हणजे झालं असं म्हणत तपासायला बसले. फाइल डेकमध्ये होती आणि एक जुनी प्रत पेनड्राइव्हवर, मार्चची. म्हणजे एप्रिलची चाळीस पानं एकाच ठिकाणी होती. काल रात्रीच दोन नवे पेनड्राइव्ह घेतले. एक घरी, एक बहिणीकडे सुदामानगरला. दर रविवारी अदलाबदल. तुमच्यामुळे झालं.

लॅपटॉपच_बरा

विरोधी मत मांडतो, राग मानू नका. टायपिंगसाठी ७.४ इंचांचा पडदा, वर वेगळा ब्लूटूथ कीबोर्ड, वर टेकू. एवढ्या पैशांत चांगला चौदा इंची लॅपटॉप येतो, डोळ्यांना त्रास नाही, मानेला त्रास नाही. खेळायला हँडहेल्ड घ्या, पण सव्वीस वह्या टाइप करायला हे साधन नव्हे. दुसरं, ओलेडवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं की डाग पडतो. डॉक्युमेंटची पट्टी वर्षभर त्याच जागी राहणार.

रामबागकर

राग कसला. दोन्ही मुद्दे खरे आहेत, म्हणून नीट उत्तर देते.

घरात लॅपटॉप आहे, लेकीचा. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि रात्री तोच वेळ तिच्या अभ्यासाचा. वेगळा लॅपटॉप घ्यायचा म्हणून मीही बघितला होता. पण लॅपटॉप उघडायचा म्हणजे जागा हवी, मांडी हवी, उजेड हवा. माझ्या मांडीवर वही असते. डेक पलंगाच्या कठड्याला टेकवते, छोटा कीबोर्ड उशीवर. रविवारी दुपारी लांब बसायचं असेल तेव्हा डॉकने, म्हणजे जोडणीच्या स्टँडने, टीव्हीला जोडते. तेव्हा मान सरळ राहते आणि सासूबाईही वाचतात. गेल्या रविवारी त्यांनी १९६६ मधलं एक नाव दुरुस्त करून दिलं. मी ‘गोदू’ वाचत होते, ती ‘गेंदू’ होती, गिरणीच्या दारात पेरू विकणारी. हे मला कुणी सांगितलं असतं?

डोळ्यांचं म्हणाल तर घरी रात्री पंचेचाळीस मिनिटांवर मी जात नाही. चार तास टाइप करणाऱ्याने लॅपटॉपच घ्यावा, तुमच्याशी पूर्ण सहमत.

डागाचं. ओलेडचा प्रत्येक ठिपका वेगवेगळा झिजतो, जो जास्त जळतो तो आधी मंद होतो, त्याचाच डाग दिसतो. म्हणून मी तीन गोष्टी करते. खालची पट्टी आपोआप लपते असं ठेवलं आहे. उजेड निम्म्याच्याही खाली, रात्री तेवढा पुरतो. आणि तीन मिनिटं हात लागला नाही तर पडदा विझतो. काळी पार्श्वभूमी तर आहेच, बहुतेक ठिपके बंदच. वर्षभराने काय होतं ते याच धाग्यावर येऊन सांगेन.

लॅपटॉपच_बरा

गेंदूचं वाचून माझा आग्रह सोडला. टीव्हीला जोडायचं माझ्या डोक्यात नव्हतं.

जुना_स्टायलस

ताई, धुळ्याच्या चुलतबहिणीला फोन लावला. तिला चार नावं सांगता आली, पाचव्याबद्दल खात्री नाही. त्र्यंबकेश्वरला आजोबा १९५० च्या सुमारास गेले होते असं ती म्हणाली. पावसाळ्याआधी जाऊन येतो.

दांडिया_बाजार

बडोद्याहून लिहितोय. आमच्या आजोबांच्या वेळेपासून घर इथेच, घरात मराठी, बाहेर गुजराती. ताई, माझ्याकडेही एलसीडी डेक आहे. त्यावर मराठी टाइप करायला मी आयबस हे लिपी टाइप करायचं सॉफ्टवेअर टाकलं होतं, पण स्टीमओएसचं अपडेट आलं की ते गायब होतं. तीनदा टाकून कंटाळलो. तुमचं कसं टिकतं?

रामबागकर

दादा, स्टीमओएसचा मुख्य भाग फक्त वाचण्यासाठी असतो. तो उघडून पॅकमॅनने, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायच्या आज्ञेने, काही टाकलं तर पुढच्या अपडेटमध्ये तो भाग संपूर्ण बदलतो आणि आपण टाकलेलं जातं. आपलं घर, म्हणजे होम फोल्डर, मात्र तसंच राहतं. म्हणून होममध्ये राहील तेवढंच करायचं.

डेस्कटॉप मोडमध्ये सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट. तिथे भारताच्या यादीत मराठीचे दोन आहेत. एक एनहान्स्ड इनस्क्रिप्ट, दुसरा कगप नावाचा फोनेटिक, ज्यात उच्चाराला जवळच्या इंग्रजी कळा दाबायच्या असतात. हवा तो घ्या. वेगळं काही टाकावं लागत नाही, ही निवड होममध्ये लिहिली जाते आणि अपडेटनंतरही टिकते. माझी अडीच वर्षांत एकदाही गेलेली नाही.

फॉन्टही तसाच. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेला ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट मोफत आहे, तो होममधल्या स्वतःच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकला. लिहिण्यासाठीचं लिब्रेऑफिस डेस्कटॉपवरच्या डिस्कव्हर या सॉफ्टवेअरच्या दुकानातून घ्या, ते फ्लॅटपॅक, म्हणजे मुख्य भागापासून वेगळं राहणारं असतं, तेही टिकतं.

मी इनस्क्रिप्ट वापरते. शिकायला तीन आठवडे लागले. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, एवढं डोक्यात बसलं की बोटं आपोआप जातात. हलन्त डीवर आहे, तो सगळ्यात आधी पाठ करा, जोडाक्षरं त्याच्यावरच चालतात.

दांडिया_बाजार

इनस्क्रिप्ट लावलं. क, त, प, र सापडले. ‘बाळ’ लिहायला गेलो तर ‘बाल’ येतंय. आमचं आडनावही त्यामुळे अडलंय.

रामबागकर

ल जिथे आहे त्याच कळीवर, एनवर, शिफ्ट धरा. आणि ‘ऱ्हास’मधला ऱ्ह हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग हलन्त, मग ह. ऑफिसमधला ऑ इंग्रजी कीबोर्डवरच्या उलट्या तिरक्या रेघेच्या कळीवर शिफ्टने येतो.

मी परवा अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला जातेय, मावशीकडे मुंज आहे. पूर्ण चार्ज करून निघेन, गाडीत चार्जर काढणार नाही. किती टिकतं ते कळवते.

रामबागकर

दादरहून. संध्याकाळी गाडी सुटल्यावर डबा खाल्ला, साडेसातला सुरू केलं. दीड तास टाइप केलं, १९७२ चा दुष्काळ चालू आहे, गिरणीतले लोक गावाकडून आलेल्या नातेवाइकांना घरात ठेवून घेत होते. मग पाऊण तास खेळले, फ्रेम ४५ वर बांधून, बारा-तेरा वॉटवर. रतलामच्या पुढे समोरच्या बर्थवरचं बाळ जागं झालं, त्याची आई दमली होती, मी बटण दाबलं आणि बाळाला घेतलं. मग झोपच लागली. सकाळी बोरिवलीला उघडला तेव्हा बॅटरी ५४ टक्के होती आणि समोर खेळ नव्हता, कर्सर मी सोडलेल्या ओळीवर होता, कारण बटण दाबण्याआधी मी परत वहीवर आले होते.

पलासियाकर

ताई, माझं ठरलं. मला विंडोज लागणार, म्हणून अलायच. पण तुमचा पेनड्राइव्हचा रविवार मी आजपासून सुरू केलाय.

दांडिया_बाजार

शिफ्ट आणि एन. बाळ. काळे. जुळं. टाळी. आला ळ.